सत्यमचा ताळेबंद : नसलेले ५,०४० कोटी

आजची गोष्ट हैदराबादची. ७ जानेवारी २००९. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक होती ५,३६१ कोटी रुपये. त्यातले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच! त्या तिमाहीचा ऑपरेटिंग नफा दाखवला ६४९ कोटी, खरा होता ६१ कोटी. शेअर एका दिवसात पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला.

मला मात्र त्या पत्रातला एक छोटा आकडा जास्त शिकवून जातो : ३७६ कोटींचं खोटं 'येणं व्याज'. बघा हं, फुगवलेल्या विक्रीतून खोटा नफा. नफा झाला तर पैसा दिसायला हवा, म्हणून बँकेत खोटी शिल्लक. आणि शिल्लक आहे तर व्याजही हवंच! हिशेबाची पत्रकं अशी एकमेकांना बांधलेली असतात.

म्हणून वार्षिक अहवाल उघडला की मी पाच वर्षांचा नफा आणि कॅश फ्लोमधली धंद्यातून आलेली रोख शेजारी-शेजारी लिहितो. नफा वाढतोय, पण रोख येत नाहीये? मग उधारी बघतो. शिल्लक भरपूर, पण हातात पडलेलं व्याज किरकोळ? तिथे थांबतो.

आणि हो, सत्यमच्या हिशेबांवर नावाजलेल्या ऑडिटरची सही होती. त्यामुळे आकडे कितीही जुळले, तरी सगळे पैसे एकाच कंपनीत नकोत. भेटू पुढच्या भागात!