द्वारपालाची विद्या

वैकुंठाच्या दारावरील जय आणि विजय यांची कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. सनकादिक कुमारांना त्यांनीं दारांत अडविलें, आणि त्या एका चुकीपायीं त्यांना पृथ्वीवर तीन जन्म घ्यावे लागले. पुढें हिरण्याक्ष आणि रावण होऊन ज्यांनीं त्रैलोक्य हालविलें, त्यांच्या अंगीं बळाची वानवा कशी असेल! समोर उभा असलेला कोण आहे, हें मात्र त्यांना ओळखतां आलें नाहीं. मोठ्या शहरांतील रात्रीच्या नृत्यगृहांच्या दाराशीं काळे कपडे घातलेला जो धिप्पाड मनुष्य उभा असतो, व ज्याला सर्वत्र ‘बाउन्सर’ म्हणतात, त्याला पाहिलें म्हणजे मला ही कथा हटकून आठवते. पिळदार दंड असले कीं या धंद्याला पुरे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धंद्याचा इतिहास चाळला तर ती फारशी टिकत नाहीं.

या इतिहासाचें एक ठळक पान न्यूयॉर्क शहराचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथील पूर्वेकडच्या गरीब वस्तींत ‘न्यू आयर्व्हिंग हॉल’ नांवाचें नृत्यगृह होतें. तेथें शांतता राखण्याचें काम मंक ईस्टमन नांवाच्या इसमाकडे असे. हर्बर्ट ॲस्बरी यानें १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या टोळ्यांवरील पुस्तकांत लिहिलें आहे कीं, ज्याला ज्याला तो लोळवी त्याच्याबद्दल तो आपल्या सोट्यावर एक खांच पाडी. आणि एके रात्रीं एकूणपन्नास खांचा भरल्या असतां, पन्नासाचा आंकडा पुरा व्हावा एवढ्याच हौसेनें त्यानें निमूटपणें बिअर पीत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या टाळक्यांत सोटा हाणला. ॲस्बरीला रंगवून सांगण्याची खोड होती, तेव्हां हकीकत अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. तथापि तींत त्या काळच्या धंद्याचें दुखणें नेमकें आलें आहे: भांडण मिटविण्यासाठीं ज्याला पगार मिळे, त्यालाच भांडणाची चटक लागे. ईस्टमन पुढें गुंडांच्या टोळीचा नायक झाला, १९०४ सालीं त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२० च्या २६ डिसेंबरला तो त्याच शहराच्या रस्त्यावर गोळी लागून मेला. मध्यंतरीं पहिल्या महायुद्धांत तो युरोपांत शिपाई म्हणून लढून आला होता, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

तो मेला त्याच वर्षाच्या १७ जानेवारीपासून अमेरिकेंत दारूबंदीचा अंमल सुरू झाला होता. त्या कायद्यानें दारावरच्या मनुष्याची कसोटीच बदलली. चोरून चालणाऱ्या मद्यालयाच्या दाराला लहानसा झरोका असे, व त्यांतून आंतले दोन डोळे बाहेरच्याला न्याहाळीत. सरकारी अधिकाऱ्याला गिऱ्हाईक समजून आंत घेतलें तर सारें दुकान बुडालें. गिऱ्हाइकाला अधिकारी समजून घालविलें तर कमाई गेली. येथें सोटा काय कामाचा? चेहरा ध्यानांत ठेवावा, आवाजावरून हेतु ताडावा, आणि हें सारें क्षणार्धांत उरकून मुद्रा प्रसन्न ठेवावी, ही खरी विद्या. पश्चिम बावन्नाव्या रस्त्यावरील २१ क्रमांकाच्या घरांत असें एक नामांकित मद्यालय होतें. दारावरून इशारा आला कीं तेथील फळ्या कलंडत आणि बाटल्या एका नळकांड्यांतून खालीं जाऊन फुटत. तळघराचें दार भिंतीसारखें विटांचें होतें, व एका फटींत लांब तार खुपसल्याशिवाय तें उघडत नसे. १९३२ सालच्या झडतींत अधिकाऱ्यांना तें सांपडलें नाहीं.

माणूस ओळखण्याच्या या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच काळांत हार्लेम भागांतील ‘कॉटन क्लब’ भरभराटींत होता. १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तेथें वाजत असे. गाणारे, नाचणारे, ताटें वाढणारे काळे. पण गिऱ्हाईक म्हणून काळ्या मनुष्यास मज्जाव. ज्या वस्तीचें तें संगीत, त्या वस्तीलाच दार बंद! त्या दारावरचा मनुष्य आपल्या कामांत चुकत नव्हता, हुकूम तंतोतंत बजावीत होता. परंतु हुकूम बजावणाऱ्याला त्यांतून अंग काढून घेतां येतें असें मला वाटत नाहीं. आणि १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिराचीं दारें डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहींना बंद होतीं, हें आठवलें म्हणजे अमेरिकेला नांवें ठेवण्यास जीभही उचलत नाहीं.

ब्रिटनमध्यें २००१ सालीं झालेल्या कायद्यानें या धंद्यास परवाना सक्तीचा केला. अर्जदाराचे पूर्वीचे गुन्हे तपासले जातात, आणि परवान्याचा बिल्ला दिसेल असा लावावा लागतो. त्याला जें शिक्षण देतात त्यांत वाद शमविण्याच्या कलेस मोठें स्थान आहे, आणि तें योग्यच आहे. मित्रांच्या घोळक्यांत असलेल्या झिंगलेल्या तरुणाला चारचौघांत ‘नीघ’ म्हटलें कीं तो हटून बसणारच, कारण आतां त्याची अब्रू पणाला लागली. त्याला बाजूला घेऊन हळू आवाजांत बोलावें, माघार घेण्यास वाट ठेवावी, आणि त्यानें आईबापांवरून शिवी दिली तरी ती गिळावी. ही शेवटची गोष्ट शिकविण्यास किती आठवडे लागत असतील कोण जाणे! हात टाकण्याची पाळी आलीच तर धरावें कसें, तेंही तेथें शिकवितात. पालथा पाडून दाबून धरलेल्या माणसाचा श्वास कोंडून प्राण जाऊं शकतो, ही गोष्ट त्यांत बजावून सांगितलेली असते. २०२१ पासून तर दारावर उभें राहूं इच्छिणाऱ्यानें आधीं प्रथमोपचाराचें प्रमाणपत्र आणावें असा नियम झाला. शुद्ध हरपलेल्या माणसाला कुशीवर कसें वळवावें, हें त्याला दाराशीं उभें राहण्यापूर्वींच शिकावें लागतें.