बन्नेरघट्टा : महानगराच्या वेशीवरील अरण्य

बंगळूर शहराच्या दक्षिणेस सुमारे २२ किलोमीटर अंतरावर बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र आरंभी सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढे होते. पुढे लगतची राखीव वने समाविष्ट झाल्याने ते सुमारे २६० चौरस किलोमीटर झाले.

पर्यटक ज्याला बन्नेरघट्टा म्हणून ओळखतात, ते वस्तुतः बन्नेरघट्टा जैविक उद्यान होय. २००२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यानापासून वेगळे करण्यात आले. सुमारे ७३१ हेक्टरच्या या परिसरात प्राणिसंग्रहालय, सफारी, २००६ मध्ये सुरू झालेले फुलपाखरू उद्यान आणि दरवेशांकडून सोडविलेल्या अस्वलांचे पुनर्वसन केंद्र आहे. कुंपणाआडचे वाघ-सिंह पाहून परतणाऱ्या अनेकांना मूळ अरण्य त्यापलीकडे आहे, याची कल्पना नसते.

हे अरण्य शुष्क पानगळीचे व काटेरी झुडपांचे आहे. हत्ती, बिबट्या, अस्वल, गवा आणि चितळ यांचे येथे वास्तव्य आहे. वनातून वाहणारा सुवर्णमुखी ओढा वन्यप्राण्यांची तहान भागवितो. त्याचे पाणी अर्कावती नदीमार्गे कावेरीस मिळते. हत्तींचे कळप याच वनपट्ट्यातून दक्षिणेकडे कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या दिशेने ये-जा करतात.

वाढत्या महानगरामुळे हा पट्टा आक्रसत आहे. वनाभोवतीच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात खाणकामास मनाई असते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मसुद्यात हे क्षेत्र सुमारे २६९ चौरस किलोमीटर होते. २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते सुमारे १६९ चौरस किलोमीटरवर आले. या कपातीस पर्यावरणप्रेमींनी विरोध दर्शविला होता. मार्ग अरुंद झाले की हत्ती शेतात शिरतात आणि त्याची किंमत शेतकरी व हत्ती या दोघांनाही मोजावी लागते.

जैविक उद्यान मंगळवारी बंद असते. मॅजेस्टिक बसस्थानकावरून तेथे जाण्यासाठी शहर बससेवा उपलब्ध आहे. पर्यटकांनी प्राण्यांना खाद्य देऊ नये, प्लास्टिक सोबत नेऊ नये, सफारीत वाहनाच्या खिडकीबाहेर हात काढू नयेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या वनक्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश करू नये. ओढ्याकाठची शांतता अबाधित राहणे, हेच या अरण्याचे खरे संरक्षण आहे.