वेदीवांचून करार

सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं इस्राएल लोकांशीं देवाचा करार झाला, तेव्हां मोशेनें गोऱ्ह्यांचें अर्धें रक्त वेदीवर व अर्धें लोकांवर शिंपडलें, असें निर्गमाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. रक्त म्हणजे जीवन. एकच रक्त दोहोंकडे पडलें, म्हणजे देव व प्रजा एका जीवनानें बांधलीं गेलीं, हा त्या विधीचा आशय.

इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें व बलिदान थांबलें. मग करार कशावर उभा राहावा? ख्रिस्तानुयायांचें उत्तर असें, कीं वधस्तंभावर सांडलेल्या मशीहाच्या रक्तानें नवा करार कायमचा झाला.

कोंकणांत तेल गाळून पोट भरणाऱ्या बेने इस्राएलांनीं दुसरें उत्तर आचरणानें दिलें. मुलाची आठव्या दिवशीं सुंता हें कराराचें चिन्ह. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. नवसाला वा मंगलकार्याला पशु नव्हे, तर मलिद्याचें ताट: गूळ-खोबरें घातलेले पोहे, फळें, फुलें. तें एलिया नबीच्या नांवें मांडतात. मशीहाच्या आगमनाची वर्दी तोच देणार, ही श्रद्धा.

१९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. तेथील धर्मपीठानें विवाहप्रसंगीं त्यांच्या वंशाविषयीं शंका काढली. त्यांनीं यरुशलेमांत धरणें धरलें, व १९६४ सालीं ते सर्वार्थानें ज्यू असल्याचें मान्य झालें. पुरावा रक्ताचा मागितला गेला होता. परंतु पिढ्यानपिढ्या पाळलेला करार हाच त्यांचा खरा पुरावा होता.