आखातातला रुपया

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर विणल्या जाणाऱ्या टेरी टॉवेलला आखाती देश हे जुने गिऱ्हाईक. माल जहाजाने जातो, सौदा डॉलरमध्ये ठरतो, कामगाराची मजुरी मात्र रुपयांत. पण १९६० साली दुबईच्या बाजारात टॉवेल विकत घेणारा अरब गृहस्थ खिशातून रुपयेच काढत असे, आणि ते भारताचे असत. हा रुपया तिथे गेला कसा आणि तिथून उठला कसा, यात तेलाने आखाताचे केलेले रूपांतर फार स्पष्ट दिसते.

तो नेला मुंबईने. मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, पेशवाई संपली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईहून निघालेली फौज रास अल खैमावर चालून गेली आणि १८२० च्या जानेवारीत किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला. दख्खन निवांत झाल्यावर मुंबई सरकारला समुद्राकडे पाहायला सवड मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. बुशहरचा इंग्रज रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबईच्याच हुकमतीत होता. आखातातले मोती मुंबईच्या पेढ्यांवर विकले जात. तांदूळ, कापड, सागवान इथून जाई. या देवघेवीतून रुपया तिथले नाणे झाला.

१९३० च्या सुमारास जपानचे संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बुडवला. नेमक्या त्याच वेळी बहारीनमध्ये (१९३२) आणि कुवेतमध्ये (१९३८) तेल लागले. पाणबुड्यांच्या पोटाचा प्रश्न सुटला. शेखांच्या हाती मात्र प्रजेवर कर न बसवता येणारा पैसा आला. व्यापाऱ्यांच्या जकातीवर अवलंबून असलेला शेख व्यापाऱ्यांचे ऐकत असे. कंपनीकडून थेट रॉयल्टी घेणाऱ्याला ती गरज उरली नाही. १९४६ पासून कुवेतचे तेल जहाजांत भरू लागले आणि त्याचे मोल पौंडांत येऊ लागले. १९५३ मध्ये ते गुंतवायला लंडनमध्ये मंडळ स्थापन झाले. मुंबईच्या पेढीची जागा लंडनने घेतली ती अशी, गाजावाजा न होता.

दिल्लीला मात्र त्या वेळी वेगळीच डोकेदुखी होती. भारतात सोन्याचा भाव जगापेक्षा चढा; म्हणून आखातातून सोने चोरून येई, रुपये चोरून जात, आणि तिथल्या बँकांमार्फत ते परत येऊन रिझर्व्ह बँकेकडून पौंड मागत. तस्करीची किंमत आपलीच तिजोरी परकीय चलनात मोजत होती. १९५९ मध्ये तोडगा निघाला : आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ असलेल्या नोटा. भारतात त्या चालत नसत. नोट भारताची, पण भारतात कागद!

१९६१ मध्ये कुवेतने दिनार काढला. त्याच वर्षी जूनमध्ये तो स्वतंत्र झाला. १९६५ मध्ये बहारीनने तेच केले. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि दुबई-कतारनेही रुपयाला रामराम ठोकला. अवमूल्यनाने आखात गमावले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. कुवेत पाच वर्षे आधीच निघून गेले होते. पौंडांत कमावणाऱ्या राज्याने चलनटंचाईने गांजलेल्या देशाची नोट वापरत राहावे, याला कारणच उरले नव्हते. अवमूल्यनाने उरलेल्यांना निमित्त दिले. ओमानमध्ये अजून तेलाचा पैसा नुकताच येऊ लागला होता. तिथे रुपया १९७० पर्यंत टिकला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मग १९७३ ची तेलबंदी आली. काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून जेमतेम सावरत होता; सोलापूर जिल्ह्यातली माणसे खडी फोडून पोट भरत होती. आता पैसा आणि माणसे यांची दिशाच बदलली. रत्नागिरीच्या गावांतून तरुण दुबई-कुवेतला कामाला निघाले आणि मनीऑर्डरी मुंबईऐवजी आखातातून येऊ लागल्या. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांच्या सुटकेसाठी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना बगदादला जावे लागले.

१९६१ मध्ये कुवेतचा एक दिनार म्हणजे तेरा रुपये आणि वर काही पैसे होते. आज त्याच दिनाराला अडीचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात.