दादरची शेवटची ट्राम



शाहूवाडी तालुक्याला मुंबई नवी नाही. डोंगरउताराची शेती, सुगी आटोपली की हाताला काम नाही. म्हणून आपल्याकडची कितीतरी घरे एकेकाळी गिरणीच्या पगारावर चालली. त्या पिढीतली माणसे मुंबईच्या गोष्टी सांगताना 'दादर टी.टी.' हे नाव हटकून घेत. टी.टी. म्हणजे काय, असे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले एकमेकांकडे बघतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचे शेवटचे ठाणे. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, तरी नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

मुंबईत पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी. रस्त्यात लोखंडी रूळ पुरलेले आणि त्यांवरून डबा ओढायला घोडे! पायधुणी ते कुलाबा हा एक मार्ग. बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जाणारा दुसरा. भाडे सुरुवातीला तीन आणे होते, पण तिकीट असे देतच नसत. पुढे भाडे दोन आण्यांवर आले. मग फुकटे प्रवासी वाढले, तेव्हा त्याच वर्षी तिकिटे निघाली. कंपनीच्या पदरी सुमारे ९०० घोडे होते. बैलजोडी सांभाळणाऱ्याला सांगायला नको, की एवढ्या जनावरांचा दाणावैरण आणि औषधपाण्याचा खर्च काय असेल.

घोडे गेले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. डोक्यावर तार, तारेला टेकलेला दांडा. त्यातून वीज खाली येई, चाकाजवळची मोटर फिरवी आणि रुळांवाटे परत जाई. गर्दी एवढी वाढली, की सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम काढावी लागली. १५ जुलै १९२६ पासून मुंबईत मोटार बसही सुरू झाली. पण भाड्यातला फरक बघा. ससून डॉकपासून थेट दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे. तेवढ्याच प्रवासाला बसचे चार आणे. म्हणून बस ही पांढरपेशांची, आणि ट्राम गरिबाची. महिन्याकाठी गावी मनीऑर्डर करणाऱ्याला ते वाचलेले अडीच आणे म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हती!

मग अशी गाडी बंद का झाली? तिचे रूळच तिला नडले. रस्त्यावर मोटारी वाढल्या. बस वाट काढून पुढे जाते. ट्रामला रूळ सोडून एक वीतही सरकता येत नाही. एक ट्राम अडली, की मागच्या सगळ्या अडल्या. रूळ रस्त्याच्या मध्ये, त्यामुळे उतारूंना धावत्या वाहनांतून चढावे-उतरावे लागे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार मुंबई महापालिकेकडे आला, आणि पुढच्या काळात एकेक मार्ग बंद होत गेला. शेवटी उरला बोरीबंदर ते दादर. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम निघाली. गाडी खच्चून भरलेली, आणि तिला निरोप द्यायला लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर ट्राम दिसली नाही.

ट्राम बंद करणाऱ्यांची कारणे खोटी नव्हती. परंतु हिशेबाच्या वहीत रूळ, तारा, डबे आणि जमाखर्च यांना रकाने असतात. दीड आण्यात घर गाठणाऱ्या माणसाला रकाना नसतो. एखादा मार्ग वर्षानुवर्षे चालला, की माणसे आपली खोली, आपली पाळी आणि आपला बाजार त्याच्या भरवशावर ठरवतात. मार्ग मोडला म्हणजे ती घडीही मोडते. आपल्याला हे परके नाही. वाडीवरची एस.टी.ची एक फेरी बंद झाली, तर कोणाची शाळा सुटते आणि कोणाचे औषध राहते, हे आपण जाणतोच.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. इतिहास फक्त विशाळगडाच्या वाटेवर सापडतो असे नाही; तो मलकापूरच्या स्टँडवरही उभा असतो. आपल्या गावाला पहिली गाडी कोणत्या साली आली, तिकीट किती होते, कोणती फेरी का बंद पडली आणि त्याने कोणाचे अडले, हे मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहायला सांगा. २०१७ साली मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. लोखंड मातीखाली टिकते. त्यावरून जाणाऱ्या माणसांची आठवण मात्र कोणी लिहून ठेवली तरच टिकते.