चौदा वर्षांचा फडणीस आणि एक्सेलची स्पर्धा

आज ऐकता ऐकता एक छोटी बेरीज करायची आहे. फोनवर एक्सेल असू दे नाहीतर गूगल शीट्स, काहीही चालेल. एका चौकटीत १.२० लिहा, तिच्याखाली १.३०, आणि बेरीज करा. २.५ आलं ना?

आता समजा, ही आपल्या मावळातल्या शिरगावच्या एका घराची जमीन आहे. एक तुकडा १ एकर २० गुंठे, दुसरा १ एकर ३० गुंठे. जुन्या कागदांत आणि बोलताना आपण ती अशीच लिहितो, १.२० आणि १.३०. पण एकराचे गुंठे ४०. म्हणजे खरी बेरीज ३ एकर १० गुंठे. शीटमधलं २.५ बघून कुणी 'अडीच एकर' म्हणालं, की ३० गुंठे गेले! आणि सोमाटणे फाटा, द्रुतगती मार्ग, तळेगावची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असताना ३० गुंठे म्हणजे काय, हे मावळातल्या पोराला समजवायला नको.

गंमत अशी, की एक्सेल चुकलं नाही. त्याला गुंठा माहीतच नाही. तो आपल्याला माहीत पाहिजे.

आजचा विषय हाच. जगभर शाळा-कॉलेजच्या मुलांच्या स्प्रेडशीटच्या स्पर्धा होतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट नावाच्या परीक्षेवर आधारलेली एक जागतिक स्पर्धा आहे, १३ ते २२ वयाच्या मुलांसाठी. आधी आपापल्या देशात निवड, मग अंतिम फेरी. शिवाय २०२१ पासून एक्सेलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. क्रिकेटसारखी कॉमेंट्री, समोर घड्याळ, पडद्यावर गुण. सिडनीच्या अँड्र्यू न्गाय याने ती लागोपाठ तीनदा जिंकली. दरम्यान तिची अंतिम फेरी थेट लास वेगासला होऊ लागली.

ऐकायला हे सगळं लांबचं वाटतं. म्हणून आधी जरा मागे जाऊ, आपल्याच इतिहासात.

१७५६ साल. पेशव्यांचे फडणीस जनार्दन बल्लाळ वारले आणि कारभार आला त्यांच्या मुलाकडे. वय वर्षं १४. हाच पुढचा नाना फडणवीस. आता 'फडणीस' हा शब्द बघा. तो आला फारसी 'फर्दनवीस' वरून. फर्द म्हणजे कागदाचा ताव, यादी. नवीस म्हणजे लिहिणारा. आजच्या भाषेत सांगायचं, तर शीट लिहिणारा! चौदाव्या वर्षी या मुलाच्या हाती राज्याच्या जमाखर्चाचे कागद आले. आजच्या त्या स्पर्धेत तो वयाच्या अटीत बसला असता.

हिशेब आणि रसद किती महत्त्वाची, हे तेवीस वर्षांनी याच मावळात दिसलं. राघोबादादांना गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून आली. माणसं चारेक हजार, पण सामान ओढायला सुमारे १९ हजार बैल. एवढा लवाजमा घेऊन फौज मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपली माणसं 'इष्टुर फाकडा' म्हणतात. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावला पोचली, तर गाव जाळून रिकामं केलेलं. दाणा नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि मागे फिरले. वडगावला मराठ्यांनी त्यांना घेरलं आणि १६ जानेवारीला तह झाला. लढाई तलवारीने झालीच. पण 'किती तोंडं, किती दाणा, किती दिवस' या तीन रकान्यांचा मेळ इंग्रजांना घालता आला नाही, हेही तेवढंच खरं.

या सगळ्या जागा शिरगावहून मोटारसायकलवर एका दुपारी बघून होतात. जाच एकदा.

आता जवळपास दोनशे वर्षं पुढे या. १९७८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. आकड्यांची मोठी सारणी फळ्यावर मांडलेली असायची. त्यातला एक आकडा बदलला, की पुढचं सगळं पुसून पुन्हा लिहा! त्याला वाटलं, फळ्यानेच आपलं आपण बदललं तर? मित्र बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने 'व्हिजिकॅल्क' बनवलं आणि १९७९ मध्ये ते बाजारात आलं. मग लोटस आलं, १९८५ मध्ये एक्सेल आलं. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या क्लासमधून ते गावोगावच्या पोरापोरींपर्यंत पोचलं.

म्हणजे स्प्रेडशीट जन्मली एका विद्यार्थ्याच्या कंटाळ्यातून. आणि तिच्यातली एक गाजलेली चूकही विद्यार्थ्यानेच पकडली.

२०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी लेख लिहिला. देशावरचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं, की वाढ खुंटते, असा त्याचा सूर. सरकारी खर्च कापायच्या बाजूने बोलणारे त्याचा हवाला देऊ लागले. पुढे थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून तोच हिशेब पुन्हा करून बघितला. जमेचना! त्याने मूळ फाइल मागवली, उघडली, आणि दिसलं काय? सरासरीच्या सूत्रात २० पैकी ५ देश आलेच नव्हते. आणखीही दोष निघाले. सगळं दुरुस्त केल्यावर वाढीचा उणे ०.१ टक्का झाला २.२ टक्के. हे २०१३ मध्ये जगापुढे आलं.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये तर जवळपास १६ हजार कोरोना रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. कारण? एक्सेलचा जुना प्रकार, ज्यात ६५,५३६ च ओळी मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून या स्पर्धांचा खरा फायदा वेगात शोधू नका. नोकरीला उपयोग होतोच. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, दूध संस्थेत, बँकेत शीट येणाऱ्याला मान आहे. पण स्पर्धा घड्याळ लावून तीन सवयी लावते. आधी प्रश्न नीट वाचायचा. माहिती मांडायच्या आधी तिचं माप कोणतं ते विचारायचं. आणि उत्तर आलं, की ताळा बघायचा. आपल्या आजोबांच्या पिढीत पाटीवरचं गणित ताळा बघितल्याशिवाय गुरुजींना दाखवत नसत. तोच संस्कार, फक्त पाटी बदलली.

अशी स्पर्धा शिरगावच्या किंवा तुमच्या गावच्या शाळेतही घेता येईल. दोघादोघांच्या जोड्या, ४५ मिनिटं, फुकटचं सॉफ्टवेअर. माहिती गावातलीच घ्या: पाऊस, हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ. आणि शीटमध्ये मुद्दाम दोन चुका पेरून ठेवा. अर्धे गुण शीट बनवण्याला, अर्धे चुका शोधण्याला.

पहिला प्रश्न मी देतो, सुरुवातीचाच. एकर एका रकान्यात, गुंठे दुसऱ्यात. सगळ्याचे गुंठे करा, बेरीज घ्या, ४० ने भागा. भागाकार म्हणजे एकर, बाकी म्हणजे गुंठे. आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि १०० आरचा एक हेक्टर, म्हणून तिथे दशांश चालतो. एकर-गुंठ्याला नाही चालत.

आज घरी गेल्यावर आजोबांना विचारून जुना कागद काढा आणि ही बेरीज करून बघा. आपल्या घरचे फडणीस तुम्हीच व्हा. भेटू पुढच्या भागात!