अपुऱ्या राहिलेल्या रणभूमी : लघुसैनिकांच्या पूर्णत्वाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना ताम्रपट, शिलालेख, दप्तरे आणि नाणी यांची नावे सहजपणे पुढे येतात. खेळण्यांचे नाव त्या यादीत क्वचितच आढळते. वास्तविक पाहता समाज आपल्या युद्धांकडे, वीरांकडे आणि भूमीकडे कोणत्या नजरेने पाहतो, याची साक्ष खेळणी देत असतात. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात उभा राहणारा मातीचा किल्ला आणि त्यावरील मावळे हे याचे आपल्या परिचयातील उदाहरण होय. पाश्चात्त्य देशांत टेबलावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील अद्भुतरम्य व विज्ञानकल्पित सैनिक हे दुसरे उदाहरण. या दोहोंचे प्राक्तन बरेचसे सारखे आहे. हौसेने जमविलेले सैनिक अर्धवट रंगलेल्या किंवा मोडक्या अवस्थेत डब्यात पडून राहतात आणि अनेक वर्षांनी कोणीतरी ते पूर्ण करावयास बसतो. हे पूर्ण करणे म्हणजे जुन्या वस्तूचे जतन की तिच्या इतिहासाचा लोप, हा प्रस्तुत निबंधातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

1) लघुसैनिकांच्या युद्धखेळाचा ऐतिहासिक विकास थोडक्यात पाहणे.
2) दिवाळीतील किल्ल्याचे या परंपरेतील स्थान तपासणे.
3) जुन्या प्रतिकृती पूर्ण करताना पाळावयाच्या विवेकाची चर्चा करणे.
4) मराठवाड्याच्या संदर्भात या विषयाची उपयुक्तता स्पष्ट करणे.

1. चतुरंगापासून कल्पित सैन्यापर्यंत :

पटावर सैन्य मांडून युद्ध खेळण्याची कल्पना भारतीयांना नवी नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त चतुरंगाचा उल्लेख येतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. या राजवटीची सत्ता आजच्या मराठवाड्यावरही होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र चतुरंगात सैन्य असले तरी भूमी नव्हती. नदी, टेकडी, दलदल यांना पटावर स्थान नव्हते.

युरोपात ही उणीव अठराव्या शतकाच्या अखेरीस भरून निघू लागली. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविग याने पटावरील घरांना भूप्रदेशाचे रंग दिले. 1812 मध्ये प्रशियाच्या राइसविट्स याने राजासमोर सादर केलेल्या खेळात रस्ते, गावे आणि नद्या दाखविणारे रंगविलेले तुकडे टेबलावर हवे तसे जुळविता येत. त्याच्या पुत्राने 1824 मध्ये या खेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग होऊ लागला.

लष्करातील हा खेळ पुढे घरात आला. 1893 मध्ये इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक तयार केले. ते हलके व स्वस्त असल्यामुळे सामान्य घरांपर्यंत पोहोचले. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा सैनिकांच्या खेळाचे नियम दिले. परग्रहावरील आक्रमणाची कादंबरी 1898 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाने खेळण्यातील युद्धाचेही नियम लिहावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. विज्ञानकथा आणि लघुसैनिक यांची प्रत्यक्ष सांगड मात्र बऱ्याच काळाने पडली. अमेरिकेत 1971 च्या 'चेनमेल' या नियमपुस्तिकेत मध्ययुगीन युद्धाला जादूगार व राक्षसांची पुरवणी जोडली गेली. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 1983 मध्ये ब्रिटनमध्ये 'वॉरहॅमर' आणि 1987 मध्ये त्याचे दूरच्या भविष्यात घडणारे रूप 'वॉरहॅमर 40,000' प्रसिद्ध झाले. सैनिक न रंगविलेले विकत मिळत आणि ते रंगविणे हे खेळणाऱ्याचेच काम असे. खरेदीचा वेग रंगकामापेक्षा नेहमीच अधिक राहिला. त्यामुळे अपुऱ्या सैनिकांचे ढीग साठणे ही या छंदाची ओळखच होऊन बसली.

2. अंगणातील किल्ला :

आपला दिवाळीचा किल्ला या इतिहासाशी ताडून पाहिला असता काही साम्ये व काही भेद आढळतात. विटा व दगडांचा आधार, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, वरून मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, पायथ्याशी पाण्याचे तळे अशी त्याची रचना असते. भूप्रदेश उभारण्याचे हे तंत्र पाश्चात्त्य छंदापासून स्वतंत्रपणे वाढलेले आहे.

भेद आहे तो प्रमाणाचा. पाश्चात्त्य खेळात सर्व सैनिक एकाच मापाचे असावेत असा दंडक असतो. आपल्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराजांची मूर्ती तटबंदीपेक्षाही उंच असते आणि मावळे तिच्या निम्म्या उंचीचे असतात. यास अज्ञान म्हणता येणार नाही. प्राचीन शिल्पपटांतही राजा सेवकांपेक्षा मोठा कोरलेला असतो. आकार हा येथे अंतराचा नव्हे, तर महत्त्वाचा निदर्शक आहे. शिवाय गुहेतला वाघ, तळ्यातली प्लास्टिकची मगर आणि बंदूकधारी आधुनिक शिपाई एकाच गडावर सुखाने नांदतात. अद्भुताचा प्रवेश आपल्याकडे असा आपोआप झाला आहे.

दुसरा भेद आयुष्याचा. किल्ला दिवाळीनंतर मोडला जातो. मावळे मात्र कागदात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवले जातात. कोणाची तलवार तुटते, कोणाचा रंग उडतो, कोणाचा घोडा तीन पायांचा होतो. दरवर्षी त्यांवर रंगाचा एक नवा हात फिरतो. म्हणजेच आपल्या परंपरेत सैनिक कधीच पूर्ण होत नाही. तो दरवर्षी पुन्हा पूर्ण केला जातो.

3. पूर्णत्वाची प्रक्रिया आणि तिच्यातील धोका :

जुनी प्रतिकृती हाती घेताना ती कोणत्या पदार्थाची आहे हे प्रथम ठरवावे लागते. शिशाचा सैनिक लाकडी कपाटात दीर्घकाळ राहिल्यास लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे त्यावर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी विषारी असल्याने ती हातमोजे घालूनच हाताळावी. शिशावरील जुना रंग योग्य द्रावणाने काढता येतो. कच्च्या मातीच्या मावळ्याला पाण्याचा स्पर्शही सोसत नाही. थर्मोकोलच्या देखाव्यावर फवाऱ्याचा रंग थेट मारल्यास त्यातील द्रावक थर्मोकोल विरघळवून टाकतो. यानंतरचा क्रम सर्वत्र जवळपास सारखाच आहे. मऊ कुंचल्याने धूळ झाडणे, तुटलेला भाग चिकटविणे, अस्तराचा रंग देणे, मूळ रंग भरणे, खाचांत पातळ गडद रंग सोडणे, उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने फिकट रंग घासणे आणि शेवटी संरक्षक लेप देणे.

परंतु तंत्र अवगत झाले म्हणजे विवेक आला असे नाही. प्रस्तुत लेखकाने घरातील पत्र्याच्या पेटीतील एक मावळा नव्याने रंगविण्यासाठी ओल्या फडक्याने पुसला. वरच्या लाल रंगाखाली हिरवा आणि त्याखाली पिवळा थर होता, हे मातीसह ते थर निघून गेल्यावर ध्यानात आले. घरातल्या तीन वेगवेगळ्या हातांनी तीन दिवाळ्यांत दिलेले ते रंग होते. मूळ अंगरखा कुंभाराने कोणत्या रंगाचा केला होता, हे आता कळण्याचा मार्ग उरला नाही. दप्तरखान्यातील कागद आपण ओल्या हाताने पुसणार नाही. मावळ्याच्या बाबतीत तसे केले, कारण त्यास आपण साधन मानलेच नव्हते.

याचा अर्थ जुन्या सैनिकांना हात लावू नये असा नाही. वार्षिक रंगकाम हीच ज्या वस्तूची परंपरा आहे, ती काचेच्या कपाटात ठेवणे म्हणजे परंपरा थांबविणे होय. प्रथम छायाचित्र, मग टिपण आणि त्यानंतर कुंचला, एवढा क्रम पाळला तरी जतन व पूर्णत्व यांतील विरोध बराचसा मिटतो.

4. मराठवाड्याची अपुरी रणभूमी :

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून एकही मराठवाड्यात नाही. अंगणातील किल्लाही प्रामुख्याने सह्याद्रीचा डोंगरी किल्लाच असतो. उदगीर, कंधार, औसा, परांडा हे आपल्या प्रदेशातील भुईकोट आणि त्यांचे खंदक मुलांच्या किल्ल्यांत अभावानेच दिसतात.

रणभूमीचेही तसेच. 10 ऑगस्ट 1763 रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजाम सैन्याच्या एका भागासह गोदावरी ओलांडून गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे होता. पुराच्या पाण्यामुळे त्यास मदत मिळू शकली नाही व तो मारला गेला. येथे निकालात नदीचा वाटा मोठा होता. हीच गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या परभणी जिल्ह्यातील तालुक्यांतून वाहते. तिचा पूर आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेला असतो, पण या लढाईशी तो त्याचा संबंध जोडत नाही. टेबलावर निळ्या रंगाचा एक पट्टा आणि दोन्ही तीरांवर विभागलेले सैनिक मांडले, तर तो संबंध त्यास चटकन उमगेल. परभणीच्या काळ्या मातीत भुसा मिसळला की भेगा कमी पडतात. म्हणजे साहित्यही दूर शोधावयास नको.

निष्कर्ष :

1) युद्धखेळाच्या विकासात सैनिकांइतकेच भूप्रदेशाच्या प्रतिकृतीला महत्त्व आहे.
2) दिवाळीचा किल्ला ही या क्षेत्रातील स्वतंत्र मराठी परंपरा असून तिचे प्रमाणशास्त्र वेगळे आहे.
3) दुर्लक्षित प्रतिकृती पूर्ण करण्यापूर्वी तिची नोंद करणे आवश्यक आहे. पदार्थ न ओळखता केलेली दुरुस्ती साधनाचा नाश करते.
4) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या घरांतील जुन्या मावळ्यांची छायाचित्रांसह नोंदवही ठेवावी आणि स्थानिक लढायांचे देखावे उभारावेत.

घराघरांतील पत्र्याच्या पेट्या अद्याप पूर्ण रिकाम्या झालेल्या नाहीत. त्या रिकाम्या होण्यापूर्वी उघडल्या जाव्यात, एवढीच या निबंधामागील अपेक्षा आहे.